हजेरीतून सूट

यांचं तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी काळा कोट चढवून वकिलांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाला जाऊन बसले. हजेरीचा कागद फिरत आला. मी माझी सही केली आणि सवयीने खाली यांचीही. हे कधीच यायचे नाहीत. "मला काय शिकवणार ते? तू कर माझी," म्हणायचे.

बार असोसिएशनचे कारकून ढमाले कागदाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, साहेबांना आता सूट आहे."

"अर्ज लागेल का?"

"नाही. तेवढी सही खोडा."

मी रेघ मारली. खाडाखोड केली की शेजारी ज्याची त्याने सही करायची, हे तीस वर्षांच्या वकिलीत हाताला बसलेलं.

हाताने लगेच सही केली. यांचीच.