आटलेली टेप

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, मिरे, पण ही टेप आटली आहे!" आजोबा म्हणाले. "चांगली दोन इंच. बादलीत पडली आणि लोकरीच्या मोज्यासारखी गोळा झाली. चाळीस वर्षांच्या शिवणकामात असं पाहिलं नव्हतं."

मिरी शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसली होती. वय वर्षं बारा. मांडीवर बास्केटबॉलच्या सरांनी दिलेला कागद. त्यावर एकच प्रश्न होता: 'या खेळातून तुला काय हवंय?' उत्तर उद्या सकाळी द्यायचं होतं. दुकानात येण्याआधीच तिने ते लिहून टाकलं होतं. 'काही नको. मी खेळ सोडते आहे.'

दहा मिनिटांपूर्वी ते वाचलं, तेव्हा आजोबांची कात्री कापडातच थांबली होती.

"का गं?"

"मला जमतच नाही. बास्केटखाली उडी मारली की माझा हात जेमतेम बाकीच्या मुलींच्या कोपराला लागतो. सर म्हणतात, पाच फुटांची मुलगी अशी मागे कशी पडते? मन लावत नसशील." मिरीने नाक ओढलं. "आणि आज शाळेत नर्सबाईंनी सगळ्या संघाला मोजलं, तर बाकीच्यांची उंची होती तेवढीच, माझी मात्र चार फूट दहा. आजोबा, माणूस बाराव्या वर्षी आटतो का?"

आजोबांनी कात्री खाली ठेवली.

संघाचे गणवेश त्यांनीच शिवले होते. तीन महिन्यांपूर्वी बाराही पोरी याच दुकानात रांगेने उभ्या राहिल्या. छाती, खांदा, उंची. आजोबांच्या वहीतूनच सरांनी उंची उतरवून घेतली. पाच फूट आणि वर, त्या स्पर्धेच्या गटात. बाकीच्या छोट्या गटात. मिरी भरली चार फूट दहा. आजोबांनी लिहिलं पाच फूट. दोन इंच म्हणजे काय, एवढी तर शिवणीत वाढीव कापडाची माया ठेवतात! पोर वाढेल, भरून काढेल. आपण गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगू.

आजोबा थापाडे म्हणून गल्लीभर प्रसिद्ध होते. शिडी लावून एका दांडग्या गिऱ्हाइकाचं माप घेतल्याची गोष्ट ते त्याच गिऱ्हाइकाला सांगायचे. पण वहीत खोटं माप त्यांनी जन्मात एकदाच लिहिलं होतं. आणि ते नातीच्या डोक्यावर बसलं होतं. तीन महिने पोर कोपरं खात होती आणि स्वतःलाच कच्ची समजत होती.

आता खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. घसा खाकरला. तोंड उघडलं. आणि बाहेर पडली ती आटलेल्या टेपची थाप.

मिरीने टेप हातात घेऊन पाहिली.

"म्हणजे मी आटले नाही?"

"छे! तू होतीस तेवढीच आहेस."

"आणि कच्ची पण नाही?"

"अजिबात नाही." हे मात्र आजोबांनी टेपकडे न बघता म्हटलं.

मिरीने मांडीवरचा कागद सरळ केला. मग म्हणाली, "मला बॉल घेऊन पळायला आवडतं. खाली उभं राहून उड्या मारायला नाही. छोट्या गटात बॉल सारखा हातात येतो. आणि हरल्या तरी खिदळतात सगळ्या. पण त्यांना स्पर्धेला नेत नाहीत."

"न नेऊ देत."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"मला? मला कशाला?" आजोबांना तिच्या डोळ्यांकडे बघवेना. "कागद तुझा, उत्तर तुझं. लिही."

तिने आधीची ओळ खोडली आणि जीभ बाहेर काढून नवी लिहिली. आजोबांचा जीव भांड्यात पडला, पण त्या भांड्याला काही तळ लागेना. सुईत दोरा घालायला त्यांना चार खेपा लागल्या.

"सरांना टेपचं तुम्ही सांगाल?"

"सांगतो की. उद्याच."

मिरीने टेप बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली.

"आजोबा, त्या दिवशी बाराही जणींना याच टेपने मोजलंत ना?"

"याच! दुसरी टेप मी हातात धरत नाही."

"मग दोन इंच एकटी मीच कशी वाढले?"