डावं-उजवं

“तो डावीकडच्या दारानं बाहेर गेला,” टीव्हीकडे तोंड करून बायको म्हणाली.

पावलं मात्र उजवीकडून गेली. पेंटरांच्या उजव्या खांद्यामागून जिना उतरत उतरत विरून गेली.

हा प्रकार आजचा नव्हता.

उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग डोळे गेले. आधी कडा पुसट झाल्या, मग मधलं सगळंच. हातातला ब्रश सुटला, पण रंगांची ओढ काही सुटेना. लेकीनं साउंडबार आणून लावला तो तेव्हा. एक लांबट पेटी टीव्हीखाली, दोन चिमुकले स्पीकर सोफ्यामागे, आणि कोपऱ्यात एक जाडजूड डबा. ढग गडगडले की हा डबा जमिनीतून बोलायचा.

“बाबा, आता कानांनी बघा,” लेक म्हणाली होती.

कानांना जे दिसत नसे ते बायको सांगायची. दिवस कलला की शेजारी येऊन बसायची. आवाज घर बांधायचा, ती त्याला रंग द्यायची.

“हिचा झगा निळा आहे.”

“कुठला निळा?”

“मोरपंखी. तुम्ही त्या औषधाच्या दुकानाला दिला होता ना, तसला.”

“तो मी नाही, मालकानं दिला होता. मी नको नको म्हणत होतो.”

“घ्या! म्हणजे इतकी वर्षं मी उगाच कौतुक केलं.”

असं चालायचं. हल्ली मात्र निळ्याचा नुसता निळा झाला होता. कुठला म्हणून विचारलं तर “छान आहे,” एवढंच. माणसं डावीकडची उजवीकडे जायला लागली होती. पेपर वाचून दाखवणंही तिनं बंद केलं. “काय असतं त्यात? तेच ते.” कोपऱ्यातल्या डब्याला पाय लागला की करवादायची, “मेलं हे धूड नेमकं वाटेतच!”

तिकडे तिची धाकटी बहीण फोनवर मागे लागली होती. महिनाभर ये, दोघी पोटभर बोलू. ही दर वेळी काहीतरी सबब काढायची. परवा फोन ठेवून ती कितीतरी वेळ गप्प बसली, आणि पेंटरांना ते गप्प बसणंच घरभर ऐकू आलं.

कंटाळली. माझे डोळे होऊन होऊन थकली बिचारी. पडद्याकडे बघतही नाही, मनाला येईल ते सांगते. आणि माझ्यापायी घराबाहेर पाऊल टाकत नाही.

एक आशा तेवढी होती. मागचे स्पीकरच उलटे ठेवले गेले असतील तर? लेकीनं घाईगडबडीत डावा उजवीकडे लावला असेल तर? मग चूक यंत्राची. मग ती अजून बघते आहे, त्यांच्यासाठी बघते आहे.

त्यांनी दुकानात फोन करून मेकॅनिकला बोलावलं. बायकोला सांगितलं, आवाज जरा खरखरतोय.

मेकॅनिक दुपारी आला. ती चहा टाकायला आत गेली तशी पेंटरांनी आवाज खाली आणला.

“हे बघ, डावं-उजवं उलट झालंय का, तेवढं तपास. उलट असेल तर बरं होईल बाबा.”

“उलट असेल तर बरं?” मेकॅनिक हसला. “काका, असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय.”

सोफा सरकला. तो मागे गुडघ्यांवर रांगत काहीतरी चाचपत राहिला. मग खोलीत पाणी वाहू लागलं. समोरून झरा आला. मागे डावीकडे एक पाखरू फडफडलं आणि पेंटरांच्या मानेमागून उजवीकडे निघून गेलं.

“कुठून उडालं, काका?”

“डावीकडून.”

“मग बरोबर आहेत. ज्यानं लावलेत त्यानं मन लावून लावलेत.”

पेंटरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. झालं तर. आज तिच्या बहिणीला आपणच फोन करायचा. घेऊन जा म्हणायचं हिला. मला काही अडत नाही, मला सगळं कानांनी दिसतं. खोटं बोलायचं, पण खणखणीत बोलायचं.

कपबशा किणकिणत आल्या. ती सोफ्यापाशी थांबली.

“झालं का दुरुस्त?”

“तुम्हीच सांगा, काकू.”

“अगं बाई, किती सुरेख!” तिचा हात पेंटरांच्या खांद्यावर आला, आणि कितीतरी दिवसांनी तिचा आवाज पूर्वीसारखा रंगात आला. “अहो, झरा आहे. काठाला गवत आहे हिरवंगार. आणि कुठलं हिरवं ते विचारायचं नाही, मीच सांगते. पोपटी! वर एक पांढरं पाखरू आहे. ते बघा, उडालं.”

पेंटर हसले. जड मनानं, पण हसले. म्हणजे बघायचं म्हटलं तर बघते ही. चारचौघांत बघते. एकट्या आपल्यापाशीच तिचं मन उठलंय.

“साखर आतच राहिली,” म्हणत ती वळली. भिंतीवरून तिची बोटं घासत घासत स्वयंपाकघरापर्यंत गेली.

झरा तेवढा वाहत होता. मेकॅनिक पेंटरांच्या कानाशी वाकला.

“काका,” तो अगदी हळू म्हणाला, “हा आवाज मी माझ्या मोबाइलवरून सोडलाय. टीव्ही बंदच आहे.”