डावीकडची शिट्टी

"शिट्टी येतेय," टेलरची बायको म्हणाली. "अगदी बारीक. त्या डाव्या डब्यातून."

सकाळपासून दोघा मित्रांची त्या खोलीत मांडामांड चालली होती. टेलरनं शिवणयंत्र कोपऱ्यात सरकवलं होतं आणि मापाच्या टेपनं खुर्चीपासून दोन्ही स्पीकरचं अंतर सारखं करून फरशीवर खडूनं खुणा केल्या होत्या. पहिलं गाणं असं काही लागलं, की खुर्चीत बसलेल्या टेलरला बोलवेना. गाणं संपलं, खोली शांत झाली, आणि तेवढ्यात ही शिट्टी.

टेलरनं मान वाकडी करून ऐकलं. "आहे खरी," तो म्हणाला आणि मित्राकडे बघू लागला.

मित्राला सगळे कानसेन म्हणत. रेडिओ केंद्रात तीस वर्षं त्यानं रेकॉर्डिंग केलं होतं. गाणाऱ्यानं श्वास कुठं चोरला, हे तो काचेपलीकडून सांगायचा. म्हणूनच स्पीकर निवडायचं काम टेलरनं डोळे झाकून त्याच्यावर सोपवलं होतं.

कानसेननं कान टवकारले. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

"हो, येतेय की," तो म्हणाला. "भिंतीला फार चिकटलाय ना, म्हणून."

त्यानं स्पीकर वीतभर पुढं ओढला आणि दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. शिट्टी गेली नव्हती, हे त्याला तिथंच कळलं. मग त्यानं वायर बदलून पाहिली, खाली जाड कापड घालून पाहिलं. दर वेळी आधी त्यांच्याकडे बघायचं आणि मग बोलायचं.

काल स्पीकर घेताना दुकानदारानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. टेलर तेव्हा काउंटरवर पत्ता लिहून देत होता. दुकानदार हळूच म्हणाला, साहेब, या जोडीतला डावा शिट्टी मारतो, ही नका नेऊ, दुसरी देतो. कानसेननं स्पीकरला कान लावला होता. ठणठणीत शांतता. मग त्यानं त्या माणसाला तिथंच झापलं होतं, की मला ऐकायला शिकवू नकोस.

आता तो स्पीकरच्या मागं गुडघ्यांवर बसला आणि मागची बटणं फिरवू लागला.

"बरीच उतरली बघा," तो मागूनच म्हणाला. "पण आहे अजून. बारीकशी आहे."

त्यानं डोकं वर काढलं. टेलरची बायको भिंतीपाशी उभी होती. शिट्टीनं तिचं डोकं उठलं होतं, म्हणून तिनं डाव्या स्पीकरचा प्लग मघाशीच उपसला होता. तो अजून तिच्या हातात होता. तिनं तो पदराआड न्यायचा प्रयत्न केला, पण कानसेननं पाहिला होता.

"आहे, आहे," टेलर घाईघाईनं म्हणाला. "मलाही येतेय अजून."

तीस वर्षांत कुणी त्याच्यासाठी असं खोटं बोललं नव्हतं. कानसेनची मान वर होईना.

"तो दुकानदारच लबाड," टेलर पुढं बोलत राहिला. "खराब माल गळ्यात मारला आपल्या. उद्या जाऊन चांगला फैलावर घेतो त्याला."

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. टेलरनं वाट करून दिली होती.

"त्याला काही बोलू नकोस," कानसेन म्हणाला. "त्यानं मला सांगितलं होतं. मीच त्याला गप्प केलं."

टेलर खुर्चीतून उठला, पण कुठं जावं हे न कळून तिथंच उभा राहिला. त्याच्या बायकोनं प्लग खिडकीत ठेवला आणि ती कानसेनच्या समोर येऊन फरशीवर बसली.

"कधीपासून, भावजी?"

कानसेन हाताला लागलेला खडू पुसत राहिला.

"नोकरीतली शेवटची चार वर्षं, वहिनी," तो म्हणाला. "नुसते मीटरचे काटे बघून रेकॉर्डिंगवर सह्या केल्या."