फ्रिजच्या चपला

बाहेरच्या चपला दारात काढायच्या आणि फ्रिजच्या चपला पायात घालायच्या, हा नियम आप्पांनी सुनेला लग्न होऊन आली त्याच दिवशी समजावून सांगितला होता. फ्रिजला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या, म्हणून त्यांनी रबरी चपलांचा एक जोड कायमचा फ्रिजसमोर ठेवून दिला होता.

मुलानं एकदा हट्टानं वायरमनला घरी आणलं.

"काका, घराला अर्थिंगच नाहीये, आणि वायरी पार सडल्यात. दोन दिवस द्या, सगळं नवीन करून देतो."

"चाळीस वर्षं झाली, कुणाला काही झालं का? चपला आहेत की आमच्याकडे."

"आणि एखादा घालायला विसरला तर?"

"आमच्या घरात कुणी विसरत नाही," आप्पा म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

आज सकाळी सून फरशी पुसून बादली ओतायला मागच्या दारी गेली होती. आप्पांनी पेपरातून डोकं वर काढलं, तर सतरंजीवर पालथा पडलेला नातू चक्क गुडघ्यांवर उठला होता.

"अगं ए, लवकर ये. पोरगं रांगायला लागलं बघ."

कौतुकानं हसत, गुडघे धरून ते खुर्चीतून उठेपर्यंत नातू ओल्या फरशीवर तळवे आपटत स्वयंपाकघरात शिरलाही होता.



वाटेत आलेल्या रबरी चपला त्यानं बाजूला सारल्या आणि फ्रिजच्या चकचकीत दाराकडे हात नेला.