कॅलेंडरवरच्या रेघा

भोंगा दोनदा वाजला आणि बंद खिडकीशी बसलेल्या कुसुमावतीनं कॅलेंडरवर त्या दिवसाच्या तारखेखाली रेघ ओढली.

"आली महाराणी," ती सुनेला म्हणाली.

केशवापूरच्या त्या गल्लीच्या टोकाला दोनच घरं, समोरासमोर. एक कुसुमावतीचं, दुसरं हेमावतीचं. दोघी एकाच वर्षी सुना म्हणून आल्या. कुसुमावतीच्या नवऱ्याचं, पांडुरंगाचं, दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. चाळीस वर्षं तो ब्लाउजपीस फाडत बसला होता. हेमावतीचा शेषगिरी तलाव दुरुस्तीच्या सरकारी खात्यात चिकटला आणि बघता बघता साहेब झाला. तोवर चालण्यासारखं होतं. त्याची जुनी स्कूटर वीस लाथा खाल्ल्याशिवाय सुरू व्हायची नाही आणि त्या लाथा मोजण्यात कुसुमावतीला मोठं समाधान होतं. मग त्याला जीप मिळाली.

जीप खटाराच होती. हॉर्न बिघडला म्हणून ड्रायव्हरनं रबरी फुग्याचा भोंगा लावलेला. रेडा ओरडावा तसा तो वाजे. पण सरकारी पाटीची जीप ती. संध्याकाळी सहाला साहेबाला दारात सोडून परत जायची. कधी वाटेत बाजारातून हेमावतीलाही घेऊन यायची. मग ती पुढच्या सीटवरून अशी उतरायची, जणू सगळी हुबळी तिला बापानं आंदण दिलीय. कुसुमावती मात्र पेठेतल्या दुकानदाराची बायको असून सिटी बसच्या दांड्याला लोंबकळत घरी यायची.

सत्त्याण्णवच्या संक्रांतीला, हळदीकुंकवाच्या भर बायकांत, हेमावतीनं हसत विचारलं, "अक्का, सहा वाजले की खिडकीत असता. आमची जीप मोजता की काय?"

"मोजते," कुसुमावती म्हणाली. "डिझेल सरकारचं आहे, तुझ्या माहेरचं नव्हे. तारखेवार लिहून ठेवते."

लिहून कसलं, तिला सहीपुरतंच लिहिता येत होतं. पण बोलून गेली होती, आणि रेघ ओढायला काही शाळा लागत नाही. त्याच संध्याकाळी तिनं पहिली रेघ ओढली.

एप्रिल लागला तसा भोंगा नेमका तिच्या खिडकीपुढं, नेमका दोनदा वाजायला लागला. खिजवायलाच, दुसरं काय. हेमावतीचा तो तोरा बघितला की कुसुमावतीला घास गिळवेना. म्हणून ती सकाळी साहेब निघायच्या वेळी आणि संध्याकाळी सहाच्या आधीच खिडकी लावून घेऊ लागली. शेजारच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन दोन्ही वेळी असं धडधडायचं की स्वयंपाकघरातून सुनेची हाकही ऐकू येत नसे. भोंगा तेवढा सगळं चिरत आत यायचा. रविवारी गिरणी बंद, साहेबालाही सुट्टी. त्या दिवशी तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये सून वैशालीनं पेपरातली बातमी वाचून दाखवली. सरकारी खर्च तपासणारी आमदारांची समिती धारवाडला येणार होती. शेषगिरीच्या जीपच्या वर्षभराच्या डिझेलवर आक्षेप निघाला होता, त्याची नोकरी जायची वेळ आली होती. कुणाकडे पुरावा असेल त्यानं यावं. वैशाली पुढचं वाचणार, तोच कुसुमावती कॅलेंडरं पिशवीत भरून पायात चपला घालत होती.

"अहो आई, समिती गुरुवारी आहे," वैशाली म्हणाली.

गुरुवारी दोघी बसनं धारवाडच्या सरकारी विश्रामगृहात पोचल्या. कुसुमावतीची कन्नड मराठीइतकीच तिखट होती. जीप रोज कशी येते, कोण कसं मिरवतं, सगळं तिनं सांगून टाकलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर शेषगिरी मान खाली घालून ऐकत होता. एका कारकुनानं रेघा मोजल्या. एप्रिल ते मार्च, दोनशे एक्क्याऐंशी.

"जीप तुम्ही स्वतः पाहिलीत?" अध्यक्षांनी विचारलं.

खिडकी बंद असायची हे सांगायचं, तर ती का बंद असायची हेही सांगावं लागलं असतं.

"माझे डोळे गेलेले नाहीत," ती म्हणाली.

अध्यक्षांनी दोन्ही घरांचे संबंध कसे आहेत ते वैशालीला विचारलं. संक्रांतीपासून दीड वर्षं एकमेकींशी शब्द नाही, तिनं खरं ते सांगितलं. अध्यक्षांनी कॅलेंडर मिटलं.

"अम्मा, साहेबाला घरी सोडणं नियमात बसतं. आक्षेप निराळाच होता. ही जीप वर्षभर मोडून पडलेली, नि डिझेलचे पैसे मात्र रोज उचललेले, असा. त्यांच्या माणसांच्या साक्षी आम्ही धरल्या नसत्या. पण तुम्ही कशाला त्यांच्या बाजूनं खोटं बोलाल?"

मग त्यांनी तिच्यापुढं कागद सरकवला. कुसुमावतीनं सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःच्या सहीचा राग आला.

बाहेर व्हरांड्यात हेमावती उभी होती. ती पुढं आली, वाकली आणि कुसुमावतीच्या पाया पडली.

"तुमच्यासारखी शेजारीण मिळायला भाग्य लागतं, अक्का."

शेषगिरी सुटला. पुढच्याच महिन्यात त्याला बढती मिळणार अशीही कुणकुण आली. कुसुमावतीच्या पोटात दुखायला तेवढं पुरेसं होतं. एकच गोष्ट तिच्या मनासारखी झाली. खात्यानं ती जुनी जीप लिलावात काढली आणि सोमवारी कलघटगीच्या एका भंगारवाल्यानं ती नेलीसुद्धा. आता ये म्हणावं पायी, तिनं वैशालीला ऐकवलं, आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून ठेवलं.

मंगळवारी सहाला गिरणी धडधडू लागली. भोंगा दोनदा वाजला.

कुसुमावतीचा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला आणि तिथंच थांबला.

सव्वा वर्षानं तिनं सहा वाजता खिडकी उघडली. समोरच्या दारात शेषगिरी जुन्या स्कूटरवरून उतरत होता. हँडलला तोच रबरी भोंगा तारेनं बांधलेला होता, आणि ती तार पार गंजून गेली होती.