डब्यावरची चिठ्ठी

“मयताशी नातं, ही चौकट रिकामी राहिली,” विमा कार्यालयातल्या सरला मॅडमनी फॉर्म परत सरकवला.

योगेंद्रने ‘भाऊ’ असं लिहिलं आणि खाकी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं.

तो अक्कलकुवा–नंदुरबार गाडीवर कंडक्टर होता. परतीच्या फेरीला अजून तास होता. मांडीवर कापडी पिशवीत एक डबा होता. पिशवीच्या बंदाला चिठ्ठी बांधलेली होती. गावाकडून शहरात शिकणाऱ्या मुलांचे सात-आठ डबे रोज त्याच्या गाडीने यायचे. बाकीचे डबे मुलं स्टँडवरून घेऊन गेली होती. हा राहिलेला डबा त्याच्या पुतणीचा, रंजिताचा. तिचं कॉलेज बाराला सुटायचं.

रंजिताची आई रूपाली तापीकाठच्या गावात राहायची. ती सकाळीच केळीच्या बागेत कामाला जायची. जाताना थांब्यावर रेवाबाईच्या टपरीत डबा ठेवायची. थांब्यावर चार गाड्या थांबत. चिठ्ठी वाचून रेवाबाई डबा योगेंद्रच्या हातात द्यायची.

“भाऊ विवाहित होते?” मॅडमनी विचारलं.

हाच प्रश्न योगेंद्रला नको होता. “हो. बायको आहे, एक मुलगी आहे,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “पण पॉलिसी लग्नाआधीची. नॉमिनी मी आहे. नाव माझंच आहे ना त्यावर?”

धाकट्या भावाच्या, भिलाच्या बाराव्याला ती पॉलिसी पेटीतून निघाली होती. रूपालीने ती वाचली, घडी केली आणि योगेंद्रपुढे धरली.

“कागदवर नाव तुमनं शे, दादा. मी काय बोलू?”

तेव्हा त्याने काहीतरी बोलायला हवं होतं. त्याने कागद खिशात ठेवला. गेल्या आठवड्यात गवंड्याला बोलावून त्याने आपल्या घराच्या नव्या वरच्या मजल्याचं मापही घेतलं. पैसे कुठले, असं गवंड्याने विचारलं, तेव्हा “मन्हाच शेतस”, माझेच आहेत, म्हणाला.

मॅडमना घाई नव्हती. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“नाव तुमचंच आहे, म्हणून पैसे तुमच्याच खात्यात येतील. पण भाऊ नॉमिनी असला, की तो फक्त पैसे हातात घेतो. आम्ही कुणाच्या हाती द्यायचे, एवढंच त्या नावाने ठरतं. पैसे असतात वारसांचे. बायकोचे, मुलांचे, आई असेल तर आईचे.”

“आई नाही.”

“मग त्या दोघींचे. त्यांना हे कुणी सांगितलंय?”

योगेंद्रचे कान तापले. मागे रांगेत उभ्या माणसांनी ऐकलं असेल, असं त्याला वाटलं. मॅडमनी बोटाने सहीची जागा दाखवली. रोजची सवयीची सही आज वाकडी आली.

स्टँडवर रंजिता फलाटाच्या कठड्यावर बसली होती. त्याने पिशवी पुढे केली. तिने डब्याला हात लावला आणि हसली.

“आज डबा गरम शे, काका. मांडीवर लिसन बसनात का?”

त्याला तिच्याकडे बघवेना. तो गाडीच्या पाटीकडे बघत म्हणाला, “तुन्ही मायले सांग, उद्या बागमा जाऊ नको. इकडे ये म्हणा, आधार कार्ड लिसन. तिन्हं बँकमा खातं खोलनं शे.”

“कसाले?”

“भिलाना पैसा येवाव शेतस. तुम्हना दोन्हीसना.”

रंजिता मान खाली घालून बंदाची गाठ सोडू लागली. चिठ्ठी सुटून योगेंद्रच्या बुटापाशी पडली. त्याने ती उचलली. दोन वर्षं असली चिठ्ठी तो रोज बघत होता. रूपालीच्या अक्षरात एवढंच लिहिलेलं होतं : ‘योगेंद्र दादा, कंडक्टर’. रंजिताचं नाव त्यावर नव्हतं, कधीच नसायचं. आणि तरी दोन वर्षांत एकदाही त्याने तो डबा उघडला नव्हता.