दहा वाजता नेट बंद

मी कॉलेजात असताना आप्पांनी राउटर चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून फुकटचं ओपन-सोर्स टाकलं आणि रात्री दहाला नेट बंद होईल असा नियम लावला. पासवर्ड मागितला की हसायचे, "शोध की!" मी रुसून बसायचे.

आप्पांना जाऊन महिना झाला. नेट अजून दहालाच जातं आणि माझ्या ऑफिसची ऑनलाइन मीटिंग रात्री साडेदहाला असते.

आज जुळे सोलापूर भागातून सिद्धराम राउटरच्या दुरुस्तीला आला. घरातली सगळी नावं, वाढदिवस टाकून झाले. शेवटी त्यानं पासवर्डची जागा रिकामीच ठेवून बटण दाबलं. राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं.

"ताई, काकांनी पासवर्ड ठेवलाच नव्हता की! काढू का दहाचा नियम?"

"नको. मीटिंग मी मोबाइलच्या नेटवर करीन. आता तू एक पासवर्ड टाक. आणि मला सांगू नकोस."